चार गोलने पुढे असताना रेनबो फ्लिक मारणं: स्किल की समोरच्याचा अपमान?

पिंपरीचा_सेंटरबॅक:

नमस्कार मंडळी. इथे कोच, रेफ्री, खेळणारे, रात्र जागून मॅच बघणारे असे सगळेच आहेत म्हणून विचारतोय. मी एका अकॅडमीत सोळा वर्षांखालच्या मुलांना शिकवायला मदत करतो, मेन कोच दुसरे आहेत. मागच्या स्पर्धेत आमची टीम ४-० ने पुढे होती, थोडीच मिनिटं उरलेली, आणि आमच्या विंगरने कॉर्नर फ्लॅगपाशी बॉल घेतला, त्यावर पाय ठेवून उभा राहिला, समोरच्या डिफेंडरकडे बघत थांबला आणि मग टाचेने बॉल उचलून त्याच्या डोक्यावरून काढायला गेला, म्हणजे रेनबो फ्लिक. पुढच्या क्षणी त्या डिफेंडरने सरळ नडगीवर लाथ घातली, बॉलचा काही संबंधच नाही. मग दोन्ही बेंच आत, पालक आत, मोठा राडा. लाथ मारणाऱ्याला रेड कार्ड मिळालं, आणि आमच्या मेन कोचनी विंगरला पुढच्या मॅचला बाहेर बसवायचं ठरवलं, समोरच्याची इज्जत ठेवायला शिक म्हणून.

आता मुलांमध्ये दोन गट पडलेत. एक गट म्हणतो त्याने फाऊल केला नाही, शिवी दिली नाही, त्याला शिक्षा का. दुसरा म्हणतो चार गोलने पुढे असताना हे करायची गरजच काय होती, ही सरळ शायनिंग आहे. दोघंही नेमारचंच उदाहरण देतात. २०१५ ची कोपा देल रे, म्हणजे स्पेनच्या कपची फायनल, बार्सिलोना ३-१ ने पुढे, समोर अ‍ॅथलेटिक बिल्बाओ, आणि नेमारने साइडलाइनजवळ हीच फ्लिक मारायला घेतली, बिल्बाओचे प्लेअर त्याच्या अंगावर धावून गेले. विशेष म्हणजे मॅच संपल्यावर बार्सिलोनाचाच कोच लुईस एन्रिके म्हणाला की बिल्बाओवाल्यांचा राग मी समजू शकतो, त्यांच्या जागी असतो तर मीही चिडलो असतो. आणि नेमारचं म्हणणं, मी असाच खेळतो, मी बदलणार नाही.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्यात. एक, नियमात याबद्दल नक्की काय आहे. दोन, मुलांना लाइन कुठे आखून द्यायची. 'जरा सांभाळून खेळा' एवढं सांगून भागणार नाही, ही मुलं प्रत्येक गोष्टीला का विचारतात आणि विचारायलाच पाहिजे.


शिट्टीवाला:

मी जिल्हा पातळीवर रेफ्रींग करतो, म्हणून आधी नियमाचं सांगतो, कारण यावर ग्राऊंडवर फार गैरसमज असतात.

नियमांच्या पुस्तकात कुठल्याही स्किलवर बंदी नाही. रेनबो फ्लिक, नटमेग (समोरच्याच्या पायांमधून बॉल काढणं), बॅकहील (टाचेने बॉल मारणं), डोक्यावर बॉल नाचवत पळणं, सगळं चालतं. नियम १२ मध्ये अनस्पोर्टिंग बिहेवियरला यलो आहे आणि त्यात खेळाबद्दल अनादर दाखवणं हाही प्रकार येतो, पण म्हणजे काय हे ठरवायचं काम रेफ्रीवर सोडलंय. सेलिब्रेशनचं मात्र स्पष्ट आहे, चिथावणारे किंवा खिजवणारे हातवारे केले तर यलो, जर्सी काढली तर यलो. पेनल्टीला धावत येताना चकवा दिलेला चालतो, पण रनअप पूर्ण झाल्यावर थांबून चकवलं तर यलो. आणि २०२२ च्या वर्ल्डकपमध्ये अर्जेंटिनाचा गोलकीपर एमी मार्टिनेझने पेनल्टी घेणाऱ्यांना जे काही केलं त्यानंतर २०२३ पासून गोलकीपरसाठीही नियम आणखी स्पष्ट केला, किक घेणाऱ्याचं लक्ष चुकीच्या पद्धतीने विचलित करायचं नाही, उगाच वेळ लावायचा नाही, पोल, बार, नेट यांना हात लावत बसायचं नाही.

सगळ्यात ताजं उदाहरण ब्राझीलचं आहे. मार्च २०२५ मध्ये साओ पावलो राज्याच्या स्पर्धेची फायनल, कोरिंथियन्स विरुद्ध पाल्मेरास, आणि शेवटच्या मिनिटांत कोरिंथियन्सचा मेम्फिस डिपाय कोपऱ्यात दोन्ही पाय बॉलवर ठेवून चक्क वर उभा राहिला. लगेच हाणामारी. त्यानंतर ब्राझीलच्या फुटबॉल महासंघाने रेफ्रींना सांगितलं की कोणी दोन्ही पायांनी बॉलवर उभं राहिलं की यलो कार्ड आणि समोरच्या टीमला इनडायरेक्ट फ्री किक. म्हणजे ज्या देशाने जगाला ही सगळी नखरेबाज स्किल दिली त्याच देशात हे झालं. डिपाय आणि नेमार दोघांनीही यावर उघड नाराजी दाखवली.

ग्राऊंडवर मी काय करतो तर आधी बोलतो. कुणी बॉलवर पाय ठेवून खुन्नस द्यायला लागला की बॉल बाहेर गेल्यावर त्याच्याजवळ जातो आणि सांगतो, बाळा, तुझं स्किल मला दिसलं, पण आता तुला लागलं तर मी कार्ड देईन, तुझा पाय परत देऊ शकणार नाही. बहुतेक मुलं ऐकतात. कधीकधी उलटंही होतं, फेब्रुवारी २०२० मध्ये पॅरिसची, म्हणजे नेमारच्या तेव्हाच्या क्लबची, मॉन्टपेलियेशी मॅच होती, नेमारने अशीच फ्लिक केली, रेफ्री बोलायला गेला, नेमार वाद घालायला लागला आणि यलो घेऊन बसला. पॅरिस ५-० ने जिंकली ती मॅच, पण दुसऱ्या दिवशी चर्चा फक्त त्या कार्डाची.

तुमच्या केसमध्ये रेफ्रीने बरोबर केलं. लाथेला रेड, फ्लिकला काही नाही. पाय ठेवून बघत उभा राहिला तेव्हाच मी शिट्टी न वाजवता तोंडाने एक सूचना दिली असती, बस.


पेठेतला_विंगर:

भावा, मी कोल्हापूरचा, आमच्याकडे शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठाच्या पेठा ओस पडतात, तालमींच्या नावाने टीम आहेत, आणि एखाद्याने दोघांना डॉज देऊन तिसऱ्याच्या पायातून बॉल काढला की गॅलरी जी उठते ती गोलला पण उठत नाही. लोक त्यासाठीच येतात. त्यामुळं मला तुमच्या कोचचा निर्णय अजिबात पटलेला नाही.

मला सांगा, लाथ मारणाऱ्याची चर्चा किती झाली आणि फ्लिक मारणाऱ्याची किती? हे दरवेळी असंच होतं. २०२२ मध्ये टॉटनहॅम नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या ग्राऊंडवर २-० ने जिंकत होती, रिचर्लिसनने साइडला बॉल पायावर दोन-चार वेळा उडवला, आणि ब्रेनन जॉन्सनने येऊन त्याला आडवा केला. जॉन्सनला यलो. पण नंतर टीव्हीवर सगळे बोलत होते रिचर्लिसनने असं करायला नको होतं. अरे ज्याने पाय घातला त्याला कोण विचारणार? बॉल उडवल्याने कुणाचं हाड मोडत नाही राव.

ब्राझीलचा केर्लोन आठवतोय का, तो बॉल डोक्यावर टप टप नाचवत पळायचा, सील ड्रिबल म्हणायचे त्याला. २००७ मध्ये क्रुझेरो विरुद्ध अ‍ॅटलेटिको मिनेरो डर्बी, क्रुझेरो पुढे होती, हा बॉल डोक्यावर घेऊन बॉक्सकडे निघाला आणि मिनेरोच्या कोएल्योने सगळं अंग घालून त्याला पाडलं. रेड कार्ड आणि वर मोठं सस्पेन्शन बसलं. तरीही तेव्हा कितीतरी जण कोएल्योचीच बाजू घेत होते, हे चिडवणं आहे म्हणून. पण मला सांगा, बॉल डोक्यावर असताना तो नियमात काढून घ्यायचा कसा हे डिफेंडरला सुचत नव्हतं, हा डिफेंडरचा प्रॉब्लेम आहे का केर्लोनचा? आणि तो पळत होता गोलकडेच. एकोणीस वर्षांचं पोरगं होतं ते, पुढे करिअर सगळं दुखापतींतच गेलं.

आणि ब्राझीलचा जुना विंगर गारिंचा, त्याचं काय करायचं? १९५८ च्या वर्ल्डकपच्या आधी इटलीत फिओरेंटिनाशी सराव सामना झाला, त्यात त्याने डिफेंडर आणि गोलकीपरला चकवलं, समोर रिकामा गोल, आणि हा थांबला, मागून एक डिफेंडर पळत येऊ दिला, त्याला परत चकवलं आणि मग बॉल आत नेला असं सांगतात. त्याच्याच टीमचे लोक चिडले होते म्हणे त्याच्यावर. वर्ल्डकपच्या पहिल्या दोन मॅचला तो टीममध्ये नव्हता. तिसऱ्या मॅचला सोव्हिएत युनियनविरुद्ध उतरला आणि ब्राझील कप घेऊनच घरी गेली. आज त्याच माणसाला ब्राझीलमध्ये जनतेचा आनंद म्हणून ओळखतात. सोळा वर्षांच्या पोराला आज बाहेर बसवलं तर उद्या तो बॉल मिळाला की साइडपास देऊन मोकळा होईल, आणि असे साइडपास देणारे आपल्याकडे हजारो आहेत. चकवून आत घुसणारे किती आहेत?

लाथेची शिक्षा लाथवाल्याला झाली, विषय तिथंच संपला पाहिजे.


मडगावचा_बबन:

पेठेतला_विंगर, तुझ्या लाथेबद्दलच्या म्हणण्याला शंभर टक्के पाठिंबा. पण बाकीच्यात तू दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यास असं मला वाटतं.

केर्लोन गोलकडे पळत होता, हे तूच लिहिलंस, आणि माझ्या मते सगळं तिथेच आहे. १९७६ च्या युरो फायनलमध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या पानेंकाने पश्चिम जर्मनीचा गोलकीपर सेप मायरला पेनल्टीत जो हळूच चिप मारून बॉल मधोमध टाकला तो बघून वाटतं की याने गोलकीपरची थट्टा केली, पण तो म्हणतो थट्टा नव्हती, गोल करायचा तो सगळ्यात सोपा मार्ग वाटला, आणि खरंच त्याने आपल्या क्लबच्या गोलकीपरबरोबर पैज लावून खूप दिवस त्याची प्रॅक्टिस केली होती, हरला तर बिअर आणि चॉकलेट द्यायचं. गोलकीपर आधीच एका बाजूला झेपावतो म्हणून मधला बॉल जातो, हे डोकं लावून काढलेलं उत्तर आहे. ते स्किल म्हणजे खेळातल्या एका अडचणीवरचा उपाय. मग ते कितीही भारी दिसो, अपमान होत नाही.

आता अँटनीचं बघ. ऑक्टोबर २०२२, मँचेस्टर युनायटेड विरुद्ध शेरीफ, ओल्ड ट्रॅफर्ड. समोर जवळ कुणी नाही, आणि हा बॉल घेऊन स्वतःभोवती दोन गिरक्या घेतो आणि पुढचा पास सरळ बाहेर. हाफटाइमला बाहेर काढला त्याला. युनायटेडचा जुना प्लेअर पॉल स्कोल्स टीव्हीवर वैतागला होता. कोच टेन हाग मात्र जे म्हणाला ते मला पटलं, त्याचा सूर असा होता की असलं काही केलं तर माझी हरकत नाही पण त्यातून काहीतरी घडायला हवं. इथे समोरच्याचा अपमानही नाही, नुसताच वाया गेलेला बॉल.

आणि तिसरा प्रकार म्हणजे १९९९ चा एडिल्सन. परत तेच कोरिंथियन्स आणि पाल्मेरास, साओ पावलोची फायनल. पाल्मेरास काही दिवसांपूर्वीच कोपा लिबर्टाडोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकून आलेली, आणि पहिली मॅच ३-० ने कोरिंथियन्सने मारलेली, दुसरी २-२, म्हणजे कप कोरिंथियन्सच्या हातात आहे हे सगळ्यांना दिसतंय. तेव्हा कोरिंथियन्सच्या एडिल्सनने मधेच उभं राहून बॉल पायावर उडवायला सुरुवात केली, मानेवर घेतला, पाल्मेरासचे प्लेअर त्याला मारायला धावले आणि इतकी हाणामारी झाली की रेफ्रीने मॅच तिथेच संपवली. त्याचं फळ काय मिळालं तर कोपा अमेरिकासाठी निवडलेल्या ब्राझीलच्या टीममधून एडिल्सनला काढलं, आणि त्याच्या जागी पोर्तो अलेग्रेच्या एका पोराला घेतलं, रोनाल्डिन्यो नाव त्याचं. पुढे त्याने व्हेनेझुएलाविरुद्ध मारलेला तो पहिला गोल आजही लोक बघतात, डिफेंडरच्या डोक्यावरून बॉल काढून मारलेला. मला वाटतं तुमच्या मुलांना हे दोन व्हिडिओ शेजारी शेजारी लावून दाखवा. तोच बॉल उडवणं, एकाने जागच्या जागी उभं राहून केलं, दुसऱ्याने गोल मारायला केलं.

तुमचा विंगर फ्लिक करताना कुठे होता? कॉर्नर फ्लॅगपाशी. बॉलवर पाय ठेवून थांबून समोरच्याकडे बघत होता. म्हणजे त्याला तिथून पुढे जायचंच नव्हतं. फ्लिक ठीक आहे हो, ते थांबून बघणं चुकलं.


पेठेतला_विंगर:

बबन, वेळ काढायला कॉर्नरला बॉल धरून ठेवणं हे पण मग समोरच्याला डिवचणंच झालं की. जगातली प्रत्येक टीम करते. पाठ करून, ढुंगण लावून दोन मिनिटं उभं राहिलं तर हुशारी आणि फ्लिक मारली की माज, हे कसं काय?

पण त्या रोनाल्डिन्योच्या गोष्टीला मान गये. हे मला माहीत नव्हतं, आज पोरांना सांगणार.


स्वाती_नंबर_आठ:

मी कॉलेजपासून खेळतेय, मुंबईत, आणि आता मुलींची एक टीम सांभाळते. इथे सगळे नखऱ्यांबद्दल बोलताय, पण मला स्कोअरलाइनबद्दल बोलायचंय कारण आमच्याकडे हा प्रश्न नेहमी येतो. मुलींच्या स्पर्धांमध्ये टीमच्या लेव्हलमध्ये खूप फरक असतो, १०-०, १२-० होतात आणि मग ओरडा सुरू होतो की आता थांबा, अजून किती मारणार.

२०१९ च्या महिला वर्ल्डकपमध्ये अमेरिकेने थायलंडला १३-० हरवलं, फ्रान्समधल्या रान्सला. हाफटाइमला ३-० होतं, म्हणजे दुसऱ्या हाफमध्ये दहा. एकट्या अ‍ॅलेक्स मॉर्गनने पाच. जगभरातून टीका झाली. पण टीका नीट ऐकली तर त्यात दोन वेगळ्या गोष्टी होत्या. गोल मारण्याबद्दल ज्यांनी तक्रार केली त्यांचं मला पटत नाही, ग्रुपमध्ये पॉइंट सारखे झाले तर गोल डिफरन्स बघतात, आणि वर्ल्डकपला आलेल्या टीमसमोर मुद्दाम बॉल बाहेर मारायचा म्हणजे तुम्ही आमच्या लेव्हलच्या नाही असं तोंडावर सांगणं झालं. मला कुणी असं सोडून दिलेलं अजिबात आवडलं नसतं. पण नववा, दहावा, अकरावा गोल झाल्यावर कॅमेऱ्यासमोर बोटांनी मोजून दाखवणं, पूर्ण बेंचसकट नाचणं, यावर कॅनडाच्या माजी खेळाडूंनी टीव्हीवर जे बोट ठेवलं ते मला बरोबर वाटलं, आणि त्यांना त्यासाठी लोकांनी नको नको ते ऐकवलं. मॅच संपल्यावर मात्र अमेरिकेच्या मुली थायलंडच्या रडणाऱ्या मुलींजवळ गेल्या, त्यांना मिठी मारली, हेही झालं.

पुढची मॅच सांगते, ती कुणाला आठवत नाही. थायलंड विरुद्ध स्वीडन. थायलंड ५-१ ने हरली, पण शेवटच्या मिनिटांत कांजनाने गोल मारला आणि त्यांच्या मॅनेजर नुआलफान बेंचवर उभ्या राहून अक्षरशः रडत होत्या. एक गोल, तोपर्यंत चार खाल्लेले, तरी. ज्यांना एका गोलची किंमत एवढी आहे त्यांच्यासमोर आपला तेरावा गोल कसा साजरा करायचा याचा विचार करायलाच हवा असं मला वाटतं.

याच्या उलट जर्मनी. २०१४ ची सेमीफायनल, बेलो ओरिझोन्ते, अर्ध्या तासाच्या आत ५-० आणि समोर ब्राझील, त्यांच्याच घरात. हुमेल्सने नंतर सांगितलं की हाफटाइमला आम्ही ठरवलं, सिरीयस खेळायचं पण समोरच्यांची शोभा करायची नाही, नखरे नाहीत. आणि दुसऱ्या हाफमध्ये त्यांनी गोल मारायचं थांबवलं का? नाही. शुर्लेने दोन मारले, सातवा तर इतका सुंदर होता की ब्राझीलच्याच प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. गोल मारले पण फ्लिका नाहीत, बॉलवर पाय ठेवणं नाही, नाच नाही. मी आमच्या मुलींना सांगते, स्कोअर कितीही असो खेळायचं त्याच ताकदीने, फक्त सेलिब्रेशन कमी करत जायचं. पहिल्या गोलला कितीही उड्या मारा. सहाव्यानंतर पास देणारीला टाळी द्यायची आणि आपल्या हाफमध्ये परत.

सेंटरबॅकदादा, तुमच्या मुलांना ही लाइन समजेल असं मला वाटतं, कारण यात 'का' चं उत्तर आहे.


लेस्टरहून_निखिल:

स्वाती, खूप छान लिहिलंयस. नाचण्याबद्दल एक गोष्ट जोडतो, कारण ती सुटली तर चित्र अर्धवट राहील.

समोरच्याची इज्जत ठेवा हे सगळ्यांना सारखं सांगितलं जात नाही. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये स्पेनमध्ये टीव्हीवर एका फुटबॉल एजंटने रिअल माद्रिदचा ब्राझिलियन प्लेअर व्हिनिसियस ज्युनियरच्या नाचण्याबद्दल बोलताना त्याची तुलना माकडाशी केली, नंतर माफी वगैरे मागितली. तेव्हा पेले, नेमार सगळे व्हिनिसियसच्या बाजूने उभे राहिले, नाचत राहा म्हणाले, आणि त्याच आठवड्यात माद्रिद डर्बीत रॉड्रिगोने गोल मारल्यावर दोघं जण मिळून नाचले. डिसेंबरमध्ये वर्ल्डकपला ब्राझीलने कोरियाला ४-१ हरवलं, प्रत्येक गोलला नाच, कोच तितेसुद्धा रिचर्लिसनबरोबर कबुतराचा नाच करत होता, आणि इकडे इंग्लंडच्या टीव्हीवर माजी खेळाडू रॉय कीनला तो अनादर वाटला. कोरियन प्लेअरकडे बोट दाखवून कुणी हसलं नव्हतं. आपापसात, आपल्या कॉर्नरला नाचले. मला त्यात काही चूक दिसत नाही. अडेबायोरने २००९ मध्ये मँचेस्टर सिटीकडून गोल मारल्यावर पूर्ण ग्राऊंड पळत जाऊन आपल्या जुन्या क्लबच्या, आर्सेनलच्या प्रेक्षकांसमोर घसरत जाऊन बसणं, ते वेगळं, तो सरळ समोरच्यांना भिडायला गेला होता, यलो मिळालं आणि वर दंडही झाला. तर कुणाकडे तोंड करून नाचतोय हे बघा.

म्हणून मुलांना शिकवताना एखादा पोरगा आपल्या ढंगाने खेळतो, त्याचं चालणं बोलणं वेगळं आहे, म्हणून त्याच्यावर माज केल्याचा शिक्का बसतोय का हेही बघत जा. आपल्याकडेही हे होतं, कुठल्या वस्तीतून आलाय, कसा बोलतो, यावरून कोच लोक आधीच ठरवून ठेवतात. तुमच्याकडे तसं झालंय असं मी म्हणत नाहीये.


पिंपरीचा_सेंटरबॅक:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. निखिल, तू जे शेवटी लिहिलंस ते मी मेन कोचशी बोलणार आहे, कारण तो विंगर खरंच अशा घरातून येतो की त्याला आधीपासून 'फार उडतो' असं ऐकावं लागतं.

एक शंका मात्र राहिली. बबन म्हणतात गोलच्या दिशेने असेल तर स्किल. मग ०-० असताना त्याने कॉर्नरलाच तीच फ्लिक केली असती, डिफेंडरला चकवून क्रॉस टाकायला, तर कुणी काही बोललं नसतं. म्हणजे स्कोअरमुळे तीच गोष्ट चूक होते का? १९६७ चं वेंब्ली बघा, स्कॉटलंडने वर्ल्ड चॅम्पियन इंग्लंडला ३-२ हरवलं, त्यात जिम बॅक्सटरने साइडला आरामात बॉल पायावर उडवत दाखवला. स्कॉटलंडमध्ये तो आजही हिरो आहे त्यासाठी. म्हणजे समोर मोठी टीम असेल तर चालतं आणि छोटी असेल तर नाही?


मडगावचा_बबन:

हो, मला वाटतं तसंच आहे, आणि त्यात काही अन्याय नाही. बॅक्सटर ज्यांना खिजवत होता ते जगज्जेते होते, त्यांच्या घरात, आणि स्कॉटलंडने त्यांच्याकडून सहा वर्षांपूर्वी ९-३ मार खाल्लेला. पण त्यातही गंमत बघ, त्याच टीममधला डेनिस लॉ, जो त्या ९-३ च्या मॅचला होता, तो बॅक्सटरवर नाराज होता, त्याला बॉल उडवण्यापेक्षा अजून गोल हवे होते, परतफेड करायला. म्हणजे स्वाती म्हणते तेच. पूर्ण ताकदीने खेळून गोल मारणं हेच समोरच्याला सगळ्यात जास्त लागतं आणि त्याबद्दल कुणी तक्रारही करू शकत नाही.

स्कोअरमुळे फरक पडतोच, कारण ०-० ला ती फ्लिक करताना धोका असतो, बॉल गेला तर काउंटर बसतो. धोका पत्करून केलेलं स्किल बघताना समोरचा चिडतो पण मनातून मानतो. ४-० ला बॉल गेला तरी काय फरक पडणार, म्हणून ते फुकटचं वाटतं.


पेठेतला_विंगर:

हे पटलं बबन. आमच्याकडं तालमीतली जुनी माणसं पण हेच सांगतात, कुस्तीच्या आधी शड्डू ठोका, पाहिजे तेवढा ठोका, पण पाठ टेकली की उठायचं आणि समोरच्याला हात द्यायचा, त्याच्या छातीवर बसून शड्डू ठोकायचा नाही. ४-० म्हणजे पाठ टेकलेलीच. तरी पण सेंटरबॅकदादा, पोराला बाहेर बसवू नका ओ. बोला त्याच्याशी. तो फ्लिक मारायचा सोडला तर तुमच्या टीमचं नुकसान आहे.

आणि पोरांना डी कॅनिओची मॅच दाखवा. डिसेंबर २०००, एव्हर्टन विरुद्ध वेस्ट हॅम, १-१, वेळ संपत आलेली, एव्हर्टनचा गोलकीपर जेरार्ड गुडघा धरून खाली पडलेला, क्रॉस आला, गोल समोर आणि वेस्ट हॅमच्या डी कॅनिओने मारायच्या ऐवजी बॉल हातात धरला आणि खेळ थांबवला. एव्हर्टनचं अख्खं ग्राऊंड उभं राहून टाळ्या वाजवत होतं, फिफाने पुढे फेअर प्लेचं बक्षीस दिलं. हा तोच माणूस ज्याने दोन वर्षांपूर्वी रेफ्रीला ढकलून पाडलं होतं आणि अकरा मॅचचा बॅन खाल्ला होता. भडक डोक्याचा, नखरेबाज, सगळं होता, पण समोरचा पडलेला असताना थांबायचं कळलं त्याला.


शिट्टीवाला:

अजून एक राहून गेलं, लाथ मारणाऱ्या मुलाचं. तो दुसऱ्या टीमचा आहे म्हणून कुणी त्याचा विचार केला नाही. रेड कार्ड मिळालेला सोळा वर्षांचा मुलगा घरी काय घेऊन गेला असेल, तर 'त्याने मला चिडवलं म्हणून मी मारलं आणि सगळे माझ्या बाजूने होते'. मी रिपोर्ट लिहितो तेव्हा चिडवलं होतं म्हणून लाथेची शिक्षा कमी करा असं कधी लिहीत नाही, आणि समितीनेही तसं बघू नये असं माझं मत आहे. त्यांच्या कोचचा नंबर असेल तर एकदा फोन करा. दोन्ही पोरांना एका सकाळी एकत्र प्रॅक्टिसला बोलावता आलं तर उत्तम, एकाविरुद्ध एक खेळवा, हा त्याला फ्लिक मारेल, तो बॉल काढायला शिकेल. रेनबो फ्लिक अडवणं तसं अवघड नाही, बॉल वर गेला की माणसाकडे न बघता एक पाऊल मागे जाऊन अंगावर घ्यायचा. हे त्याला कुणी शिकवलं नसणार.


पिंपरीचा_सेंटरबॅक:

नंबर आहे. उद्या सकाळी करतो फोन. आणि आमच्या विंगरबद्दल, मेन कोचशी बोलणं झालं, पुढच्या मॅचला बाहेरच बसणार आहे, ते त्यांनी जाहीर केलंय आणि मागे घेणार नाहीत म्हणाले. पण त्यानंतरच्या मॅचला सुरुवातीपासून खेळवायचं कबूल केलंय, आणि ड्रिबलिंगवर कुठलीही बंदी नाही हे सगळ्या मुलांसमोर सांगणार आहेत.